ठासून सांगितलेलं आणि बोलता बोलता निसटलेलं: रोमन लोकांचं रोजचं जगणं कसं वाचावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सेनेका, मार्शल, ज्युव्हेनल भाषांतरातून वाचले. एकाला स्नानगृहांची चैन खुपते, दुसरा रोज दुपारी तिथेच जाऊन बसतो, तिसरा म्हणतो की रोमच्या लोकांना आता फक्त धान्य आणि शर्यती हव्यात. तिघंही तिथलेच, जवळपास एकाच शतकातले. मग साधा रोमन माणूस दिवसभर काय करायचा आणि मन रमवायला कुठे जायचा, हे खरं कळायचं कुणाकडून?"

याच लोकांकडून कळेल. फक्त ते आपल्याला जे पटवायला बसलेत ते बाजूला ठेवायचं, आणि पटवता पटवता सहज जे बोलून गेलेत ते वेचायचं. मी लॅटिन शिलालेख वाचायला शिकवतो. माझ्या वर्गात एवढा एकच नियम असतो, बाकी सगळा त्याचा सराव. सिद्धांत सांगत बसण्यापेक्षा एक उताराच घेऊ.

सेनेकाचं छप्पन्नावं पत्र काढा. नीरोच्या या जुन्या गुरूने म्हातारपणी ल्युसिलिअस नावाच्या मित्राला पत्रं लिहिली, त्यातलं हे एक. तो सांगतो, माझं बिऱ्हाड एका स्नानगृहाच्या डोक्यावर आहे, आणि काय काय ऐकू येतं ते ऐक. तालमीतले गडी शिशाची वजनं उचलताना कण्हतात, कोंडलेला श्वास फुत्कारत सोडतात. कुणी स्वस्तातल्या मालिशवर समाधान मानणारा पडलेला असतो. त्याच्या खांद्यावर हात पडतो तो सपाट पंजाचा की पोकळ पंजाचा, हे आवाजावरून ओळखता येतं. मधेच चेंडूचा खेळ मोजणारा येतो आणि मोठ्याने आकडे म्हणायला लागतो. मग तर संपलंच. कुणी भांडतंय, कुणी चोर पकडलाय, कुणाला पाण्यात उतरल्यावर आपला गळा फार गोड वाटतोय, कुणी हौदात धाडकन उडी मारतोय. बगलेतले केस उपटणारा गिऱ्हाईक मिळेपर्यंत बारीक किरट्या आवाजात ओरडत फिरतो, आणि गिऱ्हाईक मिळालं की स्वतः गप्प बसून त्याला ओरडायला लावतो. शिवाय सॉसेजवाला, मिठाईवाला, खानावळींची पोरं. प्रत्येकाची हाळी वेगळी.

आता या पत्राचा हेतू बघा. सेनेका स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ. मन स्थिर असेल तर बाहेरच्या गोंगाटाने काही बिघडत नाही, हे त्याला पटवायचंय. म्हणून गोंगाट जितका मोठा दाखवता येईल तितका त्याने दाखवलाय. हे सगळे आवाज एकाच वेळी, एकाच दुपारी त्याच्या कानावर पडले असतील असं मी मानत नाही. पण त्याच्या मांडणीला एक अट आहे: ल्युसिलिअसला हे आवाज ओळखीचे वाटले पाहिजेत. स्नानगृहात केस उपटणारा नसताच, तर वाचणाऱ्याने पत्र तिथेच खाली ठेवलं असतं. युक्तिवाद सेनेकाचा आहे, पण ज्या जमिनीवर तो उभा आहे ती दोघांच्या रोजच्या पायाखालची आहे. आपल्याला हवी ती जमीन. त्यातून कळतं की स्नानगृह ही नुसती अंघोळीची जागा नव्हती. व्यायाम, मालिश, चेंडू, खाणं, चोऱ्या, गाणी सगळं एका छपराखाली चालायचं. आणि पत्राच्या शेवटी हा तत्त्वज्ञ काय करतो? म्हणतो, स्वतःची परीक्षा घेऊन झाली, आता मी इथून जागा बदलतो!

याच सेनेकाचं शहाऐंशीवं पत्र लगेच त्याच्यापुढे ठेवा. हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओच्या गावाकडच्या घरात तो राहायला गेलाय आणि तिथली जुनी न्हाणी बघून गहिवरलाय: किती लहान, किती अंधारी, आणि आता बघा, संगमरवर काय, चांदीचे नळ काय! इथे मात्र तो मुद्दाम जुनं विरुद्ध नवं असं लावतोय, तेव्हा चांदीच्या नळांवरून सरासरी काढायला जाऊ नका. पण बोलता बोलता तो सांगून जातो की जुने लोक कामाने मळलेले हातपाय रोज धुवायचे आणि अंगभर अंघोळ आठवडी बाजाराच्या दिवशी करायचे. रोजची अंघोळ ही त्यांच्याकडेही सवयीने आलेली गोष्ट, हे त्यातून दिसतं.

साहित्यिक साधनांची अडचण अशी की ती जवळजवळ सगळी वरच्या थरातल्या शिकलेल्या पुरुषांनी लिहिलेली आहेत. म्हणून पुढची पायरी: तोच विषय ज्याला साहित्याशी काही देणंघेणं नाही अशा कागदात शोधायचा. स्नानगृहांसाठी माझा सगळ्यात आवडता कागद हा कागद नाहीच, काशाचा पत्रा आहे. पोर्तुगालमधल्या अल्जुस्त्रेल गावी, रोमनांच्या विपास्का या खाणवस्तीत, तो १८७६ साली सापडला. हेड्रिअन सम्राटाच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले ठेकेदारीचे नियम त्यावर कोरलेत. चांभार, न्हावी, कपडे धुणारा आणि स्नानगृहाचा ठेकेदार, प्रत्येकाच्या अटी आहेत. स्नानगृहाच्या अटी अशा: सूर्योदयापासून सातव्या तासापर्यंत बायकांची वेळ, आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुषांची. बायकांना एक अस (हे हलक्या किमतीचं नाणं), पुरुषांना अर्धा. सैनिक, सम्राटाचे खाणीवर काम करणारे गुलाम आणि मुलं यांना फुकट. ठेकेदाराने तांब्या-काशाची भांडी दर तीस दिवसांनी घासूनपुसून ताज्या चरबीचा हात द्यायचा, आणि साठवलेली लाकडं बाहेर विकायची नाहीत.

यातली एकेक अट हळूहळू वाचा. लाकडं विकायला बंदी का? कारण कुणीतरी विकत असणार. पाणी कोमट ठेवायचं आणि उरलेल्या सरपणावर पैसे करायचे, ही क्लृप्ती दोन हजार वर्षांपूर्वीही सुचलेली होती. भांडी घासायचा नियम का? कारण कुणी घासत नसणार. नियम हा अधिकाऱ्याने लिहिलेला असतो, पण त्याच्या मागे बहुतेक वेळा एक तक्रार उभी असते. आणि बायकांना दुप्पट दर! असा हिशेब कवी सहसा मांडत नाही. त्याला ते माहीत असलं तरी लिहावंसं वाटलं नसतं.

आता चोर. सेनेकाच्या पत्रात चोर पकडल्याचा गलका आहे. इंग्लंडमधल्या बाथ इथे सुलिस मिनर्वा देवीच्या गरम झऱ्यात शिशाचे पातळ पत्रे सापडलेत, सुमारे १३०. त्यांवर देवीकडे केलेली गाऱ्हाणी आहेत आणि त्यांत बहुतेक चोऱ्यांची. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेलेत. चोराचं डोकं फिरू दे आणि डोळे जाऊ देत, असं मागणं आहे. दुसऱ्या कुणाचा अंघोळीचा अंगरखा आणि झगा गेलाय. पुढे ३०१ साली डायोक्लेशिअन सम्राटाने भाव बांधून दिले, त्या यादीत स्नानगृहात कपडे सांभाळणाऱ्या माणसाची मजुरी दर गिऱ्हाइकामागे दोन दिनार अशी आहे. तत्त्वज्ञ, भाविक आणि सरकार, तिघांना एकमेकांची खबर नाही, तरी कपडे चोरीला जातात यावर तिघांचं एकमत आहे. अशी जुळणी सापडली की मी निर्धास्त होतो.

पण एक सावधगिरी. वरच्या दोनतीन परिच्छेदांत मी पहिल्या शतकातल्या इटलीतून दुसऱ्या शतकातल्या पोर्तुगालमध्ये, तिथून ब्रिटनमध्ये आणि मग चौथ्या शतकाच्या तोंडाशी उड्या मारल्या. नवशिके हेच करतात आणि त्यातून 'रोमन माणूस' नावाचा कधीच न जन्मलेला प्राणी तयार होतो. टिपण करताना प्रत्येक ओळीसमोर जागा आणि काळ लिहायचाच. डायोक्लेशिअनच्या यादीबाबत आणखी एक: ते कमाल भाव आहेत, बाजारात चालू असलेले नव्हेत, आणि तो हुकूम चालला नाही असं त्याच काळातला लॅक्टॅन्शिअस लिहितो. लॅक्टॅन्शिअस ख्रिस्ती आणि डायोक्लेशिअनचा कट्टर वैरी, तेव्हा त्याचंही थोडं मीठ घालूनच घ्यायचं.

काही साधनांना तर मी लांबूनच नमस्कार करतो. 'हिस्टोरिया ऑगस्टा' नावाचं सम्राटांच्या चरित्रांचं बाड आहे. सहा लेखकांनी लिहिल्याचा त्याचा आव; आता बहुतेक अभ्यासक ते चौथ्या शतकाच्या अखेरीस एकाच खोडकर माणसाने लिहिलं असं मानतात. त्यात हेड्रिअनची एक फर्मास गोष्ट आहे. स्नानगृहात एक म्हातारा सैनिक भिंतीला पाठ घासताना दिसला. घासायला गुलाम नाही म्हणाला, तेव्हा सम्राटाने त्याला गुलामही दिले आणि पैसेही. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळे म्हातारे भिंतीला पाठ घासतायत! मग हेड्रिअन म्हणाला, एकमेकांच्या पाठी घासा. गोष्ट घडली का? कुणाला ठाऊक. पण पाठ घासायला माणूस लागतो आणि ज्याच्यापाशी गुलाम नाही त्याची पंचाईत होते, हे मान्य असल्याशिवाय त्या गोष्टीला हसू कसं येईल? खोट्या गोष्टीलाही खरी पार्श्वभूमी लागते.

हीच चाळण उपहासकवी ज्युव्हेनलला लावू. तिसऱ्या उपहासिकेत तो म्हणतो की रोममध्ये मृत्युपत्र न करता रात्री जेवायला बाहेर पडणारा माणूस निष्काळजीच म्हणायला हवा; वरच्या खिडक्यांतून फुटकी मडकी डोक्यात पडतात. टोक गाठणं हा त्याचा धंदाच. हे खरं मानायचं का? इथे कवी सोडून वकिलांकडे जायचं. जस्टिनिअन सम्राटाने ५३३ साली जुन्या कायदेपंडितांच्या मतांचा जो मोठा संग्रह करवला, त्यात एक अख्खं प्रकरणच रस्त्यावर वरून काही फेकणाऱ्या-ओतणाऱ्यांवर आहे. नुकसान झालं तर दुप्पट भरपाई, आणि जबाबदारी त्या घरात राहणाऱ्याची, कारण नेमकं कुणी फेकलं हे खालच्याला कसं कळणार? कवी वाढवून सांगत होता, पण हवेतलं काही सांगत नव्हता.

त्याच संग्रहातला एक उतारा मी वर्गात हमखास वाचतो. काही जण चेंडू खेळतायत. एकाने जोरात मारलेला चेंडू जवळच बसलेल्या न्हाव्याच्या हातावर बसतो. तो नेमका एका गुलामाची दाढी करत असतो, वस्तरा गळ्यावर फिरतो आणि गुलाम मरतो. दोष कुणाचा? मेला नावाचा पंडित म्हणतो, ज्याची चूक त्याचा. प्रोक्युलस म्हणतो, न्हाव्याचा. त्यावर उल्पिअनची पुस्ती: जिथे नेहमी खेळ चालतो किंवा वर्दळ असते अशा जागी दुकान मांडलं असेल तर न्हाव्याला बोल लावता येईल, पण अशा धोक्याच्या जागी मांडलेल्या खुर्चीत जो स्वतःहून जाऊन बसला त्याने स्वतःलाच दोष द्यावा, हेही म्हणणं वाईट नाही.

प्रकरण खरोखर घडलं असेल किंवा वर्गात चर्चेसाठी रचलेलं असेल. आपल्याला त्याने फरक पडत नाही. मोठी माणसं उघड्यावर चेंडू खेळतात, शेजारीच न्हावी खुर्ची टाकून बसतो, आणि अशा जागा ठरलेल्या असतात, हे तिघाही पंडितांनी गृहीत धरलंय. मेलेल्या गुलामाचं नाव विचारायची त्यांच्यापैकी कुणालाही गरज वाटलेली नाही, तेही लक्षात ठेवा. कायद्याच्या दृष्टीने ते मालकाच्या मालमत्तेचं नुकसान होतं.

आता ज्याबद्दल सगळेच आधी विचारतात ते रिंगणात लढणारे ग्लॅडिएटर. चित्रपटांनी असं करून ठेवलंय की रोमन माणूस रोज सकाळी उठून रक्तपात बघायला जात होता असं वाटावं. रोमचं ३५४ सालचं एक पंचांग आपल्यापर्यंत पोचलंय. त्यात वर्षभरातले खेळांचे दिवस मोजले तर नाटकांचे शंभराहून जास्त, रथशर्यतींचे साठाहून जास्त आणि ग्लॅडिएटरांचे अवघे दहा. पहिल्या शतकातला हिशेब हाच असेल असं नाही, पण प्रमाणाचा अंदाज येतो. रोजच्या गप्पांचा विषय रथशर्यती. धाकट्या प्लिनीने एका पत्रात या शौकिनांवर नाक मुरडलंय: यांना ना घोड्यांच्या वेगाशी मतलब, ना सारथ्याच्या कसबाशी, यांचा जीव एका रंगाच्या कापडावर, भर शर्यतीत सारथ्यांनी आपसात रंग बदलले तर हे लोक निष्ठाही बदलतील. प्लिनीला स्वतःची अभिरुची मिरवायची आहे. आपल्याला मिळालं ते हे, की माणसं घोड्यामागे किंवा सारथ्यामागे नव्हे, संघामागे वेडी होती.

ग्लॅडिएटरांसाठी मात्र पुस्तकं बंद करून पॉम्पेईच्या, म्हणजे ७९ साली व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या शहराच्या, भिंतींकडे जा. तिथे रंगवलेले आणि खरवडलेले मिळून अकरा हजारांहून जास्त मजकूर आहेत. त्यातली एक जाहिरात: लुक्रेशिअस साट्रिअस व्हॅलेन्स हा ग्लॅडिएटरांच्या वीस जोड्या आणि त्याचा मुलगा दहा जोड्या लढवणार, ८ ते १२ एप्रिल, पॉम्पेईत, रीतसर शिकारही होईल आणि वर कापडाचं छत असेल. छताचा उल्लेख खास करून केलाय, म्हणजे ते प्रत्येक वेळी नसे आणि उन्हाचा विचार करून लोक जायचं की नाही ते ठरवत. जाहिरातीतच रंगाऱ्याने आपलं नाव घुसवलंय: एमिलिअस सेलरने एकट्याने, चांदण्यात लिहिलं. हे काम रात्री, रस्ते मोकळे झाल्यावर व्हायचं आणि एरवी त्याला जोडीदार असायचे, हे त्या एका ओळीतून कळतं. कुठल्याही इतिहासकाराने हे आपल्याला सांगितलं नसतं.

निकालही भिंतीवर आहेत. पॉम्पेईच्या न्यूसेरिया वेशीबाहेरच्या एका थडग्यावर कुणा शौकिनाने लढतींची चित्रं खरवडलीत. मार्कस ऍटिलिअस, नवखा, जिंकला. समोरचा हिलारस, १४ लढतींचा मुरलेला गडी, हरला. त्याच्यापुढे एक अक्षर आहे, 'सोडून दिला' या अर्थाचं. पुढच्या लढतीत याच ऍटिलिअसने बारा लढतींत बारा विजय मिळवलेल्या रेसिअस फेलिक्सलाही लोळवलं, आणि तोही जिवंत सुटला. हरला की मेला, हे समीकरण इथेच मोडतं. सेनेका सातव्या पत्रात दुपारच्या खेळाला 'निव्वळ खून' म्हणतो तेही खोटं नाही, पण तो ज्या दुपारबद्दल बोलतोय तेव्हा ढाल-शिरस्त्राणाशिवाय उभे केलेले लोक एकमेकांना मारत होते, कसलेल्या जोडीची लढत नव्हती. भाषांतराच्या घाईत हा फरक वाहून जातो.

पॉम्पेईतल्या त्या प्रेक्षागारात ५९ साली पॉम्पेईकर आणि शेजारच्या न्यूसेरिया गावचे लोक यांच्यात दंगल झाली. इतिहासकार टॅसिटस लिहितो: गावागावांतल्या टोमण्यांवरून सुरुवात झाली, मग दगड, मग शस्त्रं, रोमच्या सिनेटने पॉम्पेईत असे मेळावे दहा वर्षं बंद केले. त्याला हे छोट्या गावांतल्या लोकांच्या उथळपणाचं उदाहरण म्हणून हवंय. याच दंगलीचं भित्तिचित्र पॉम्पेईच्या एका घरात सापडलं, आता ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मारामारी सगळेच बघतात. तुम्ही बाहेरची झाडं बघा: त्यांच्या सावलीत विक्रेत्यांनी दुकानं थाटलीत. चित्रकाराला त्यांच्याबद्दल काहीही म्हणायचं नव्हतं. प्रेक्षागार काढायचं तर ती दुकानं ओघाने आलीच.

दारूच्या गुत्त्यांचंही असंच. शिष्ट लेखकांच्या मते तिथे फक्त चोर आणि पळालेले गुलाम बसतात. त्यातल्या गिऱ्हाइकांचं म्हणणं भिंतीवर आहे. हेडोनीच्या दुकानाचा भाव: एक असला प्यायला मिळते, दोन दिलेत तर बरी मिळेल, चार दिलेत तर फालेर्नियन (ही त्या काळची उंची दारू). साल्व्हिअसच्या गुत्त्यात चार चित्रं ओळीने काढलीत, बोलण्यासकट. एकात दारू आणणारी बाई आहे, दोन गिऱ्हाइकं "इकडे!" "नाही, माझी!" करतायत आणि ती वैतागून म्हणते, "ज्याला हवी त्याने घ्या. ओशिअनस, ये, तू पी." पुढे दोघं फाशांवर बसलेत. एक म्हणतो, "सुटलो!" दुसरा म्हणतो, "तीन नाहीत, दोन आहेत." शेवटच्या चित्रात शिवीगाळ, गचांडी, आणि मालक दोघांना ढकलतोय: "भांडायचं तर बाहेर जा!" जुगाराला कायद्याने बंदी होती, मोकळीक फक्त डिसेंबरातल्या सॅटर्नेलियाच्या सणात. फासे चालू देणाऱ्या मालकाला कुणी मारलं किंवा लुटलं तर त्याची फिर्यादही घेत नसत. आणि इथे तेच भिंतीवर रंगवून घेतलंय! खुद्द ऑगस्टस सम्राटाने आपल्या वारसाला, टायबेरिअसला, लिहिलेलं पत्र चरित्रकार सुएटोनिअसने उतरवलंय: क्विन्क्वाट्रिआचा (म्हणजे मार्चमधला, सॅटर्नेलिया नव्हे) सण मजेत गेला, रोज खेळलो, मी वीस हजार सेस्टर्स हरलो, पण ते माझ्या उदारपणामुळे. बंदीचा कायदा आणि हे पत्र शेजारी शेजारी ठेवलं की कायदा कुणासाठी होता ते कळतं.

सोंगट्यांच्या पटांवरही मजकूर कोरत. पटाला छत्तीस घरं लागत, म्हणून सहा अक्षरांचे सहा शब्द जुळवायचे. एका पटावरच्या शब्दांचा अर्थ साधारण असा: ऊठ, जागा दे, तुला खेळता येत नाही, मूर्खा, चालता हो. असल्या वाक्याला कसली टीका लिहायची?

दिवसाच्या वेळापत्रकासाठी सगळे मार्शलची एक कविता देतात: पहिले दोन तास बड्यांकडे मुजऱ्याला, तिसऱ्यात वकील घसा कोरडा करतात, पाचव्यापर्यंत कामं, सहाव्यात आराम, आठव्यात तालीम, नवव्यात जेवणाची बैठक. उपयोगी आहे, पण ती कविता डोमिशिअनच्या भोजनव्यवस्थापकाला उद्देशून आहे, माझी पुस्तकं दहाव्या तासाला सम्राटापुढे ठेव असं सुचवण्यासाठी. हा दिवस मुजऱ्याला जाणाऱ्याचा. भट्टीवरच्या पाववाल्याचा नव्हे. शिवाय रोमन तास म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्ताचा बारावा भाग. रोममध्ये तो थंडीत सुमारे पाऊण तासाचा आणि उन्हाळ्यात सव्वा तासाचा होई. 'नववा तास म्हणजे दुपारचे तीन' असं छापलेलं दिसलं की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.

ज्यांनी लिहिलंच नाही त्यांचं काय, हा खरा अवघड भाग. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कुणीतरी रोजचा खर्च मांडलाय. पहिल्या दिवशी चीज १, पाव ८, तेल ३, दारू ३; आकडे बहुधा असचे. दुसऱ्या दिवशी कांदे आहेत, आणि 'पोऱ्यासाठी पाव, २'. तो पोऱ्या म्हणजे गुलाम. त्याच्या आयुष्यातलं आपल्याकडे उरलेलं एवढंच: त्याचा पाव वेगळा लिहिला जात होता.

बायकांच्या बाबतीत नशीब थोडं बरं आहे. ब्रिटनच्या उत्तर सीमेवर विंडोलांडा इथे १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवरची पत्रं सापडू लागली. इसवी सन १०० च्या आसपास क्लॉडिया सेव्हेरा आपल्या मैत्रिणीला, सुल्पिशिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावते. पत्र लेखनिकाने लिहिलंय, शेवटच्या प्रेमाच्या ओळी तिच्या हातच्या आहेत. इजिप्तमधून पपायरस, म्हणजे तिथल्या लव्हाळ्याच्या कागदावरचे दस्तऐवज, मिळतात. २०६ सालच्या एकात फिलाडेल्फिया गावच्या एका बाईने इसिडोरा नावाच्या नर्तकीला, आणखी दोघींसह, घरच्या उत्सवासाठी बोलावलंय. आपल्याकडे तमाशाच्या फडाला सुपारी देतात तसाच हा करार: सहा दिवस, दिवसाला ३६ द्राख्मा, वर चार मापं सातू आणि पावांच्या वीस जोड्या, कपडे आणि सोन्याचे दागिने आणलेत तर ते आम्ही सांभाळू, यायला दोन गाढवं, जायलाही तेवढीच. रोमन काव्यात नर्तकी पुष्कळ, पण त्यातल्या एकीलाही घरी परतायला गाढव लागत नाही.

वस्तूंनाही हाच नियम, आणि तिथे आपला थेट संबंध येतो. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीच्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्यात. उलट बाजूने, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात भरुचला येणाऱ्या मालात इटलीची दारू आहे आणि त्याच टिपणात पैठण, तेर, कल्याण, सोपारा ही नावंही येतात. म्हणून पश्चिम भारतात जाड खापराचा तुकडा मिळाला की 'रोमन दारूचा कुंभ' अशी चिठ्ठी लागायची. पुढे माती तपासली तेव्हा त्यातले कित्येक इराणच्या आखाताकडचे निघाले. खापर स्वतः खोटं बोलत नाही. चिठ्ठी लावणारा घाईत असतो. तसंच पॉम्पेईचं. 'काळाच्या एका क्षणी गोठलेलं शहर' हे वाक्य पर्यटकांसाठी ठीक आहे. ६२ साली तिथे मोठा भूकंप झाला होता आणि ७९ सालीही दुरुस्त्या चालू होत्या. स्टाबियन स्नानगृहंसुद्धा पूर्ण चालू नव्हती. रिकामी खोली दिसली की ती नेहमीच रिकामी असायची असं धरू नका.

सुरुवात कुठून करायची तर एकच लहान विषय घ्या. 'रोमन करमणूक' नको, 'अंघोळीला जाताना सोबत काय न्यायचे' एवढाच घ्या. सेनेकाची ती दोन पत्रं, विपास्काचा पत्रा, बाथची गाऱ्हाणी, आणि ग्रीक-लॅटिन शिकणाऱ्यांसाठीची जुनी संवादपुस्तकं वाचा. या शेवटच्यांकडे फार कमी लोक वळतात, आणि त्यात तर 'कपडे सांभाळ, झोपू नकोस, इथे चोर आहेत' या धर्तीची वाक्यंच पाठ करायला दिलेली असतात. वहीत तीन रकाने पाडा: कोण बोलतंय, कुणाला काय पटवतंय, काय सहज निसटलंय. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो. तो रिकामा राहिला तर उतारा पुन्हा वाचा.

लॅटिन येत नसेल तरी अडत नाही, मात्र एकाच भाषांतरावर विसंबू नका, आणि ते किती जुनं आहे ते बघून घ्या. मार्शलचं लोब मालेतलं १९१९ चं इंग्रजी भाषांतर हाती आलं तर त्यात मधेच काही कविता इटालियनमध्ये आढळतील. छपाईची गडबड नव्हे ती. भाषांतरकाराला ज्या ओळी इंग्रजीत आणायची लाज वाटली त्या त्याने तशा ठेवल्या. रोजच्या जगण्याबद्दलची बरीच माहिती नेमकी त्याच ओळींत आहे, तेव्हा नवी आवृत्ती घ्या.